ओठांची कवायत

वार्धक्याची पहिली चाहूल कोठे लागते, असे कोणास विचारले तर तो गुडघ्यांकडे बोट दाखवील, चष्म्याकडे दाखवील, फार तर पांढऱ्या केसांकडे. ओठांचे नाव सहसा कोणी घेणार नाही. वस्तुतः सकाळच्या पहिल्या चहापासून रात्रीच्या शेवटच्या औषधाच्या गोळीपर्यंत ज्यांच्यावाचून आपले क्षणभर चालत नाही, अशा अवयवांत ओठांची गणना केली पाहिजे. परंतु ओठांचा विचार आपण केला तो कवींच्या बरोबरीने. त्यांना प्रवाळाची किंवा पिकल्या तोंडल्याची उपमा दिली, की आपले कर्तव्य संपले. त्या प्रवाळाच्या आत स्नायू आहेत, ते वयाबरोबर थकतात, आणि थकलेल्या स्नायूंना नित्याच्या व्यायामाने पुन्हा थोडेबहुत बळ देता येते, ही गोष्ट काव्याच्या कक्षेबाहेरची म्हणून आपल्या घरांतही बोलली जात नाही. या महिन्यात या सदरात तीच बोलावयाची आहे.

घरात कोणी सत्तरीपुढचे असेल तर आठवडाभर थोडे लक्ष देऊन पाहावे. बशीतला चहा पिताना हनुवटीवर थेंब ओघळतो काय? चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून निसटते काय? आमटीचा भुरका मारणारे आजोबा आता ती भातात कालवूनच घेतात काय? भाकरीचा तुकडा गालात अडकून राहतो आणि मग बोटाने काढावा लागतो, असे होते काय? बोलण्यात ‘प’ चा उच्चार ‘फ’ कडे झुकतो आणि ‘बाबा’ म्हणावयाचे ते ‘वावा’ असे ऐकू येते काय? ही लक्षणे एकेकटी पाहिली तर क्षुल्लक वाटतात. घरची मंडळी म्हणतात, ‘वय झाले, चालायचेच.’ वृद्ध माणसाला मात्र ते तितके सहज चालत नाही. तो प्रथम खिशात एकाऐवजी दोन रुमाल ठेवू लागतो. मग परक्या घरी चहा नाकारतो. मग लग्नाच्या पंगतीला ‘पथ्य आहे’ असे सांगून घरी राहतो. अन्नावरची वासना उडाली असे आपण समजतो, आणि उडालेली असते ती चारचौघांत बसण्याची हिंमत.

ओठ म्हणजे त्वचेच्या दोन पाकळ्या नव्हेत. तोंडाभोवती फिरलेल्या ज्या स्नायूने ते बनले आहेत त्याला वैद्यकशास्त्रात ‘ऑर्बिक्युलॅरिस ओरिस’ असे नाव आहे. वरवर पाहता तो बटव्याच्या तोंडाशी ओवलेल्या नाडीसारखा एकसलग वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंकडून आलेले आणि शेजारच्या अनेक स्नायूंतून उतरलेले तंतू त्यात एकमेकांत विणलेले असतात. शरीरातील बहुतेक स्नायू हाडाला घट्ट धरून असतात. हा मात्र बराचसा त्वचेच्या, आतल्या ओल्या अस्तराच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधाराने उभा आहे. त्या शेजाऱ्यांत महत्त्वाचा तो गालाचा स्नायू. त्याचे लॅटिन नाव ‘बक्सिनेटर’, म्हणजे तुतारी वाजवणारा. नाव ठेवणाऱ्याने चांगले निरीक्षण केले होते, कारण गाल फुगवून वारा बाहेर फुंकण्याचे काम तोच करतो. आणि एरवी, आपण जेवत असताना, गालात गेलेला घास पुन्हा दातांखाली लोटण्याचे न दिसणारे कामही त्याचेच. या दोन्ही स्नायूंना हुकूम मिळतो तो मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी सातवीकडून. चावण्याच्या स्नायूंचा कारभार पाचवीकडे आहे. म्हणून ‘अजून सुपारी फोडतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या माणसाचे ओठही तितकेच समर्थ असतील, असे मानण्याचे कारण नाही.

गिळण्याशी ओठांचा काय संबंध, अशी शंका येईल. वाचकांनी ताठ बसून एक छोटा प्रयोग करावा. तोंडात अन्नपाणी काहीही न घेता, ओठ विलग ठेवून, केवळ आपली लाळ गिळण्याचा प्रयत्न करावा. गिळणे अगदीच अशक्य होत नाही. पण जीभ चाचपडते, घशाला जोर लावावा लागतो, आणि ओठ मिटावेत अशी ओढ लागते. ओठ मिटले की तोंडाची पुढची बाजू बंद होते आणि जिभेने दिलेला दाब घासाला मागे नेण्याच्या कामी येतो. दार उघडे असेल तर तो दाब पुढून निसटतो. वृद्धापकाळी जीभ, घसा आणि ओठ सगळेच थोडे मंदावतात. अन्नाचा किंवा पाण्याचा अंश श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया वृद्धांच्या जिवावर बेततो. एवढ्या मोठ्या दुखण्याचे खापर एकट्या ओठांवर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि गिळण्याच्या साखळीतील पहिली कडी तेच आहेत, आणि डोळ्यांना दिसणारी व घरच्या आरशात तपासता येणारी कडीही तीच आहे.

वयाबरोबर शरीरातील सर्वच स्नायूंचे वस्तुमान घटते. ओठांच्या बाबतीत त्यात आणखी एका कारणाची भर पडते. वरच्या ओठाला आतून आधार असतो तो पुढच्या दातांचा. ते दात पडले, त्यामागून जबड्याचे हाडही झिजू लागले, की ओठ आत वळतो, लांबतो आणि पातळ होतो. आपल्या भाषेने त्या तोंडाला ‘बोळके’ म्हटले, त्यात थोडी थट्टा आहे आणि बरेचसे प्रेम आहे. परंतु बोळक्याच्या ओठांनी पकड घ्यावी तरी कशावर? कवळी बसवलेली असली तरी ती जुनी होऊन सैल पडलेली असते, आणि मग ओठ व गाल यांची निम्मी शक्ती ती कवळी जागेवर ठेवण्यातच खर्च होते. कवळीची उंची झिजल्यामुळे ओठांच्या कोपऱ्यांत खोल घडी पडते, तेथे लाळ साचते, बुरशी धरते आणि चिरा पडून त्या चिघळतात. घरात त्यावर जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू होतात. कधी त्यांची गरजही असते; पण पुष्कळदा खरा उपाय दंतवैद्याच्या खुर्चीत असतो. ओठांच्या व्यायामाला लागण्यापूर्वी म्हणूनच तेथे एक खेप घालावी.

लाळेविषयीही एक गैरसमज आहे. ‘हल्ली यांना लाळ फार सुटते,’ असे सुना आणि मुले सांगतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती तो नकळत गिळत असतो. कंपवातासारख्या विकारात ओठांवाटे लाळ गळते ती बहुधा जास्त तयार होते म्हणून नव्हे, तर वेळच्या वेळी गिळली जात नाही आणि ओठ मिटलेले राहत नाहीत म्हणून. अशा वेळी तोंड कोरडे पाडणारी औषधे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणू नयेत. त्यांनी लघवी तुंबू शकते आणि वृद्धांच्या बुद्धीत गोंधळही होऊ शकतो.

येथे एका आजींची हकीकत सांगतो. त्यांची अनुमती आहे, नाव मात्र देत नाही. आमच्या इंदुरातील जुन्या वस्तीत त्यांचे घर, वय अठ्ठ्याहत्तर. दर श्रावणात त्यांच्या ओसरीवर ‘हरिविजय’ वाचला जाई आणि वाचणाऱ्या त्या स्वतः असत. गल्लीतील हिंदीभाषक बायकाही ऐकावयास बसत, निम्मे समजून आणि निम्मे त्यांच्या आवाजाच्या विश्वासावर. एका श्रावणात त्यांनी पोथी सुनेच्या हाती दिली आणि ‘डोळे साथ देत नाहीत’ असे सांगितले. मुलाने मोतीबिंदूची तपासणी करून घेतली. डोळे ठीक निघाले. तरीही पोथी बंदच राहिली. पुढे केव्हातरी नातीशी बोलताना खरे कारण बाहेर आले. वाचता वाचता ओठांतून लाळेचा थेंब पोथीच्या पानावर पडला होता. एकदा नव्हे, तीनदा. ज्या पोथीला आंघोळीवाचून हात लावला नाही तिच्यावर आपले उष्टे पडावे, हे त्यांना सहन झाले नाही. घरात कोणाच्या ध्यानातही न आलेला तो थेंब त्यांच्या लेखी पातक होता, आणि दीड वर्ष त्या पातकाचे प्रायश्चित्त म्हणून त्या गप्प होत्या.

अशा गप्प बसण्याची किंमत आपल्यासारख्या घरांत अधिक असते. पुण्यात किंवा कोल्हापुरात आजी गप्प झाली तरी नातवाच्या कानांवर रस्त्यावरचे, शाळेतले मराठी पडतच राहते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील कित्येक घरांत नातवंडांपुरते मराठी म्हणजे आजीचे बोलणे एवढेच उरले आहे. तिचे ओष्ठ्य वर्ण अस्पष्ट झाले, की नात प्रथम ‘क्या बोली, आजी?’ असे दोनदा विचारते. तिसऱ्या वेळी विचारीत नाही, नुसती मान हलवते. आजीलाही ते कळते, आणि ती हिंदीची चार मोडकी वाक्ये वापरू लागते. ओठांच्या दुर्बलतेने एखाद्या घरातून भाषा निघून जाते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती ज्या फटींतून निघून जाते त्यांपैकी एक फट ही आहे.

संस्कृत व मराठी पंडितांनी ओष्ठ्य वर्णांवाचून लिहिण्याचा खेळ हौसेने खेळला आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त आपली कथा सांगतो ती प, फ, ब, भ, म यांतील एकही वर्ण न उच्चारता, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले असतात. आपल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अनेक प्रकारची रामायणे रचली, त्यांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. त्यातील गंमत, किंवा क्रौर्य, पाहावे. निरोष्ठ नियम पाळावयाचा तर ‘राम’ हा शब्दच वर्ज्य होतो. पंडितांना हा बुद्धीचा विलास होता. वार्धक्याने ज्यांच्यावर हा नियम लादला, त्यांचे मात्र ‘पाणी’, ‘भूक’, ‘बाम’, ‘माझे’ हे नित्याचे शब्दच हिरावले जातात. बाळाच्या तोंडून प्रथम निघणारे ‘बाबा’, ‘मामा’ हे सारे ओठांचेच शब्द. अखेरीस निसटू लागतात तेही तेच. एक ‘आई’ तेवढी ओठांचे उपकार न घेता म्हणता येते.

आता उपायाकडे वळू. या विषयाचा सर्वांत पद्धतशीर विचार झाला तो जपानात, आणि ते स्वाभाविकच आहे; इतके वृद्ध लोक दुसऱ्या फार थोड्या देशांत असतील. तेथील आरोग्य मंत्रालय व दंतवैद्यकीय संघटना यांनी १९८९ मध्ये ‘८०२०’ नावाची मोहीम सुरू केली. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे किमान वीस दात शाबूत असावेत, हा तिचा उद्देश. तेव्हा असे वृद्ध फारच थोडे होते. २०१६ च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण निम्म्याहून अधिक झालेले आढळले. दात राहिले, तसा दातांभोवतीच्या स्नायूंचा प्रश्न पुढे आला. वृद्धदंतवैद्यकाच्या तेथील संस्थेने ‘मुखाची कार्यदुर्बलता’ ओळखण्याचे निकष २०१६ मध्ये ठरवले आणि २०१८ पासून त्या निदानाला तेथील सरकारी आरोग्य विम्यात स्थान मिळाले. निकष अनेक आहेत; त्यांतील ओठांपुरता निकष मोठा गमतीचा आहे. वृद्धाने ‘प प प प’ असे जमेल तितक्या वेगाने म्हणावयाचे आणि सेकंदाला किती वेळा उच्चार झाला ते मोजावयाचे. सहाहून कमी भरले तर ओठ मंदावले असे समजतात. तीच रीत ‘त’ आणि ‘क’ यांची.

यावरून तेथे एक सोपा व्यायाम रूढ झाला आहे. वृद्धांच्या दिवसकेंद्रांत जेवणापूर्वी सर्वजण मिळून ‘पा, ता, का, रा’ असे मोठ्याने म्हणतात. ‘पा’ ने ओठ मिटतात व उघडतात, ‘ता’ ने जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते, ‘का’ ने जिभेचे मूळ उचलले जाते, ‘रा’ ने जीभ वळते. घास तोंडात धरणे, चिरडणे, मागे नेणे आणि गिळणे यांसाठी लागणाऱ्या हालचालींची ही रंगीत तालीमच. आयुष्यभर मुलांना वर्णमाला शिकवणाऱ्या माणसाला हे वाचून हसू आल्याखेरीज राहत नाही. ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य, मूर्धन्य ही तर आपली जुनी ओळखीची मंडळी! आणि हा योगायोग तरी किती म्हणावा? जपानी अक्षरमालेचा आजचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा लागतो. बौद्ध धर्माबरोबर तेथे पोचलेल्या सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णशास्त्राच्या अध्ययनाचा तो ठसा आहे. ‘ह’ च्या जागी प्राचीन काळी ‘प’ सारखा उच्चार होता, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तोंडात वर्ण कोठे उत्पन्न होतो त्यानुसार त्यांच्या रांगा लावण्याची दृष्टी आपल्याकडून गेली. त्या रांगांची कवायत करून घेण्याचे त्यांना सुचले.

आपल्याला तर याहून सोयीचे साधन घरातच आहे. ते म्हणजे ‘प’ ची बाराखडी. आरशासमोर बसून सावकाश म्हणून पाहावी. ‘पा’ ला जबडा उघडतो. ‘पी’ ला ओठांचे कोपरे कानांकडे ताणले जातात. ‘पू’ ला तेच ओठ पुढे येऊन गोल होतात. ‘पे’ ला पुन्हा ताण, ‘पो’ ला पुन्हा गोल. आणि प्रत्येक अक्षराच्या आरंभी ‘प’ असल्याने ओठ एकदा घट्ट मिटावेच लागतात. मिटणे, ताणणे आणि गोल होणे हीच ओठांच्या स्नायूंची मुख्य कामे, आणि ती तिन्ही एका ओळीत येतात. वर्गात मुले बाराखडी गात असताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्या ओठांना काही कमी नसते. वृद्धांनी ती गाऊ नये. प्रत्येक अक्षरावर थांबून, थोडी अतिशयोक्ती करून म्हणावी. ‘पी’ आणि ‘पू’ यांवर मनात पाच अंक मोजेपर्यंत ओठ तसेच धरावेत. ‘ब’ आणि ‘म’ यांच्या बाराखड्या त्याच रीतीने घ्याव्यात. लहानपणी खेळलेला कच्च्या-पक्क्या पापडांचा तो जीभ अडखळवणारा खेळही चालेल, पण आधी सावकाश.

याखेरीज दोन-तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. दात किंचित विलग ठेवून नुसते ओठ घट्ट मिटावेत, पाच अंक धरून सोडावेत. असे पाच-सात वेळा करावे. तोंडात हवा भरून गाल फुगवावेत, हवा उजवीकडून डावीकडे फिरवावी आणि ती निसटू देऊ नये. आइस्क्रीमची स्वच्छ लाकडी काडी ओठांच्या मध्ये, दातांनी न चावता, आडवी धरून ठेवावी. आणि शीळ! आपल्या मध्यमवर्गीय घरांत शीळ घालणे असभ्य मानले गेले. मुलींना तर त्याबद्दल मारही बसला असेल. ओठांच्या दृष्टीने याहून चांगला व्यायाम थोडाच आहे. पंचाहत्तरीच्या आजीने देवघरात नव्हे पण गच्चीवर शीळ घालण्याचा यत्न केला, तर घराण्याच्या अब्रूला काही होत नाही. पूर्वी चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुलवताना बायकांच्या ओठांना आणि गालांना पुरेसे काम मिळे. त्या धुराने फुफ्फुसांची आणि डोळ्यांची जी हानी केली ती आठवली, की गॅस आला याचा आनंदच वाटतो. फक्त त्या फुंकरीची जागा रिकामी राहिली आहे. नातवाच्या वाढदिवसाचे फुगे फुगवून ती भरून काढण्याच्या मोहात मात्र पडू नये. रक्तदाब, काचबिंदू किंवा अंतर्गळ असणाऱ्या वृद्धांनी जोराने फुंकण्याचे सर्व प्रकार, शंख धरून, टाळावेत.

हे सारे मिळून पाच-सात मिनिटांचे काम आहे. दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी, ताठ बसून करावे. श्वास कोंडू नये. जबड्याच्या सांध्यात दुखले तर थांबावे. फळ दिसावयास आठवडे लागतात, दिवस नव्हेत. ओठ मिटण्याची ताकद अशा सरावाने वाढते, हे जपानातील अभ्यासांत मोजून पाहिलेले आहे; पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होणाऱ्या रुग्णांच्या ओठांना काही आठवडे व्यायाम दिल्यावर त्यांची ओठांची शक्ती आणि गिळण्याची क्षमता सुधारली, असा स्वीडनमधील एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ओठ व दात यांच्या मध्ये बसणारी एक लहान चकती वापरतात; ती बाहेर ओढावयाची आणि ओठांनी तिला अडवावयाचे. याच तत्त्वावर दोरा बांधलेले बटण वापरण्याची जुनी युक्तीही आहे. विस्मरण असलेल्या किंवा ठसका लागणाऱ्या वृद्धांच्या तोंडात ते बटण घरच्या घरी ठेवणे मला पसंत नाही. दोरा तुटण्यास वेळ लागत नाही. ती गोष्ट तज्ज्ञांच्या देखरेखीसाठी राहू द्यावी. आणि ओठांच्या व्यायामाने सुरकुत्या जाऊन तारुण्य परत येते, असे सांगणाऱ्या ज्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, त्यांच्यासाठी या सदरात जागा नाही. चहा सांडू नये आणि शब्द स्पष्ट यावा, एवढेच आपले मागणे आहे.

एका बाबतीत मात्र व्यायामाचे नावही काढू नये. कालपर्यंत सरळ असलेले तोंड आज एकाएकी एका बाजूला वाकले, ओठांचा एक कोपरा खाली ओघळला, त्याच्या जोडीला हात जड झाला किंवा जीभ अडखळू लागली, तर तो पक्षाघात असू शकतो. तेल चोळणे, नस दाबणे, ‘झोपून उठल्यावर बरे वाटेल’ असे म्हणणे, यांत गेलेली प्रत्येक घटका मेंदूचा काही भाग घेऊन जाते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यापूर्वी तपासण्या व्हाव्या लागतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे रुग्णालय गाठावे. केवळ चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे हा सातव्या चेतेचा निराळा विकारही असतो. तो बहुतेकांत काही आठवड्यांत वा महिन्यांत बरा होतो. पण त्याचीही औषधे पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर अधिक गुण येतो, आणि हा की तो हे घरी बसून ठरवावयाचे नसते. अशा रुग्णाने मनाने ओठ ताणण्याचे व्यायामही करू नयेत. तसेच ज्यांना पाणी पिताना वरचेवर ठसका लागतो, जेवणानंतर आवाज घोगरा व ओलसर होतो, वजन उतरते आहे, त्यांनी प्रथम डॉक्टरांना दाखवावे. गिळणे आणि बोलणे या दोन्हींचे शिक्षण घेतलेले वाचा-उपचारतज्ज्ञ आता आपल्या अनेक शहरांत आहेत. मैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून असे तज्ज्ञ तयार करीत आहे. बेळगावकडील वाचकांना पहिली संस्था त्यांच्याच राज्यात आहे, आणि हैदराबादकरांना दुसरीचे विभागीय केंद्र सिकंदराबादेत आहे.

ज्या आजींची हकीकत वर आली, त्यांच्या कवळीला नवे अस्तर द्यावे लागले. ते काम एका महिन्यात झाले. बाराखडीची कल्पना त्यांना प्रथम अपमानाची वाटली. ‘मी काय बिगारीत आहे?’ असे त्यांनी विचारले. मग नातीने उलट बाजूने सुरुवात केली. ‘आजी, मला ‘प’ ची बाराखडी शिकव,’ असे म्हणून ती रोज संध्याकाळी समोर बसू लागली. शिकवणारी चुकू देत नाही आणि शिकणारी मुद्दाम चुकते, असा तो पाठ चार महिने चालला. नंतरच्या श्रावणात आजींनी दोन अध्याय वाचले, पूर्वीसारखा पूर्ण ग्रंथ नव्हे. पोथी चौरंगावर किंचित दूर ठेवली होती आणि मांडीवर धुतलेला पंचा होता. ‘भ’ अजून सैल पडतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणाची त्याबद्दल तक्रार नाही.

घरच्यांनी एवढे पथ्य पाळावे की हा व्यायाम पाहुण्यांसमोर करावयास लावू नये, आणि जेवताना वृद्ध माणसाच्या हनुवटीकडे पाहून खुणा करू नयेत. रुमाल त्यांच्या ताटाशेजारी न मागता ठेवावा. शक्य तर सर्वांच्याच ताटांशेजारी ठेवावा, म्हणजे एकाचाच दिसणार नाही. कप अगदी काठोकाठ भरू नये. प्रगती मोजावयाची इच्छा असेल तर जपान्यांची एक साधी रीत घेण्याजोगी आहे. कोऱ्या कागदावर पेन्सिल धरून, ‘प प प’ म्हणताना प्रत्येक उच्चाराला एक ठिपका द्यावा. दुसऱ्याने घड्याळात पाच सेकंद मोजावे आणि मग ठिपके मोजावेत. तीस भरले तर उत्तम. अठरा भरले तरी शेजारच्या आजोबांच्या तीसांशी तुलना करू नये. पुढच्या महिन्याच्या आपल्याच आकड्याशी करावी. तो आकडा भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’च्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरात लिहून ठेवला म्हणजे वेगळी वही करावी लागत नाही.